बांधावरचा टाकळा

बायको गेली तेव्हापासून वरच्या बांधावर मी तणनाशक मारू दिलं नाही. तिथं तिचा टाकळा असायचा. पावसाळ्यात कोवळा पाला खुडायची, लसूण-मिरचीत परतायची. थोडी झाडं बी धरायला ठेवायची. खुडणं तिचं, खाणं माझं.

शेजाऱ्यांचे बांध फवारून बोडके झाले, आमचा हिरवागार. मुलगा चिडायचा, "आबा, तण टोमॅटोत उतरतंय." मी म्हणायचो, "मी मेल्यावर मार." तिच्या हातचं तेवढंच राहिलेलं. लुगडी पोरींनी वाटून नेली.

आषाढात मेहुणी आली, पेठ तालुक्याकडची. म्हटलं चल, बहिणीचा टाकळा दाखवतो. तिनं बांध बघितला आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागली.

"दाजी, हे काय जपलं? ह्याला शेळीबी तोंड लावत नाय."

"टाकळाच हाय. जन्मभर खाल्लाय मी."

"ताटात वळखता, बांधावर नाय. पान चोळून बघा."

चोळलं. बोटाला लव लागली.

"टाकळ्याचं पान गुळगुळीत असतं," ती म्हणाली. "एका काडीला पानांच्या तीन जोड्या, टोकाची जोडी मोठी, शेंडा गोल. ह्याचं बघा, केसाळ. हे रस्त्याच्या कडेनं आलं आन् टाकळ्याला दाबून बसलं."

म्हणजे मुलाशी भांडलो ते ह्या घाणीसाठी. मी तिथंच चिखलात बसलो. मेहुणीचं हसू थांबलं.

"तिचा गेला का मग?" मी विचारलं.

"उगी राहा. बघू तर द्या."

ती वाकून हातानं झुडपं फाकवत गेली. पार टोकाला, दगडांच्या आडोशाला थांबली. मी गेलो. पान चोळलं. गुळगुळीत. जोड्या मोजल्या, तीन. मग शेजारचं झाड मीच ओळखलं. दगडाच्या फटीत आणखी होती, पिवळी पडलेली, पण होती.

"खुडू? तुमच्यापुरती भाजी होईल."

"हात लावू नको. बी पडू दे."

टोमॅटो फवारून मुलगा पंप घेऊन तिकडं आला. त्याला म्हटलं, पंप ठेव आणि वाक. केसाळ तेवढं उपटायचं, गुळगुळीत ठेवायचं. तो वाकला. अंधार पडेपर्यंत तिघं उपटत होतो.

जेवायला पिठलं होतं. मेहुणी म्हणाली, "बहिणीच्या घरी आषाढात पिठलं!"

"खा गपचूप," मी म्हटलं. "पुढल्या आषाढात ये."