चिंच न चालणारा म्हातारा

शेकडो वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडे घुमट बांधून गेलेल्या एका नामांकित वास्तुविशारदाची पितळी स्मृतिपाटी मी मिळवली, तेव्हा अख्ख्या खानदेशात तशी दुसरी नव्हती. आशिया खंडातही नसावी, पण मला बढाया मारायची सवय नाही. तळहाताएवढी पाटी, तिच्यावर म्हाताऱ्याचा उठावदार मुखडा आणि वर जुनेपणाची काळपट झाक. संग्राहकाच्या लेखी ती झाक म्हणजेच पाटीची इभ्रत. ती गेली की उरलं भंगार.

टपालानं येणारं पाटीचं खोकं बायकोच्या हाती पडलं असतं तर खोक्यासकट मी रस्त्यावर आलो असतो. म्हणून पत्ता दिला जळगावात मेहरूणला राहणाऱ्या अक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा. ते पोचलं नेमकं मी धुळ्याला असताना. अक्काचा फोन आला.

"भाऊ, तू धाडेल टाक माले भेटी गया. रविवारले कानबाई बसाडनी शे, बठ्ठा देव घासाले काढेल शेतस. याले बी चिंच लावस."

कानबाई ही आमच्याकडे श्रावणात घरी बसवायची देवी, आणि टाक म्हणजे पूर्वजाचा चेहरा ठोकलेला, देव्हाऱ्यात पुजायचा पत्रा. "अक्का, थांब!" म्हणेपर्यंत फोन बंद. पुन्हा लावला, उचलेना. परत लावला, उचलेना.

मग गाडी अशी हाणली की पारोळ्यात माझ्यावर भुंकलेलं कुत्रं मला एरंडोलात ऐकू आलं. पुढे केळीचे ट्रक, एकामागे एक, जळगावपर्यंत. आता चिंच भिजली असेल. आता कोळली असेल. आता...

अंगणात अक्का. एका हातात पाटी, दुसऱ्यात चिंचेचा गोळा.

"लावू नको! याला चिंच चालत नाही! कोपतो!"

सुचलं ते बोललो, आणि बोलता बोलता वाढवत गेलो. "मागे एका बाईनं घासला, तर घरावरची भरलेली टाकी आपोआप फुटली!"

अक्कानं चिंच ठेवली, हात धुतले, पदर घेतला. "इतला कडक शे? काय करे हाऊ?"

"बांधकामं. मोठमोठे घुमट."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. भडगावला अक्काच्या मुलाचं घर भिंतींवर येऊन अडकलेलं, स्लॅब पडेना. तिनं म्हातारा उचलला आणि थेट देव्हाऱ्यात बसवला.

"आते स्लॅब पडू दे, मंग लई जाय. बसाडेल देव मधमाच उठाडतस नही."

"अक्का, देव नाही तो. थाप मारली मी."

"देवसमोर आशे बोलतस? कान धर."

धरले.

म्हाताऱ्यासमोर आता रोज निरांजन जळतं, मुखड्यावर काजळी धरते, आणि मला जेवण गोड लागत नाही. एक दिवसाआड मी भडगावला असतो. वाळू आली का, सेंट्रिंगवाला कुठे मेला, सगळं मीच बघतो. काल गवंड्यानं विचारलं, "नाना, घर तुमचं का?"

"नाही," मी म्हणालो. "तू आधी सळई बांध."