सतरा नंबरची चाचणी आणि शेलारचा तागा

नाशिकहून ठाण्याकडे जाणारी सकाळची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर एक निळी फाइल होती आणि पर्समध्ये दोन फ्लॉपी होत्या. फाइलमध्ये छत्तीस चाचण्यांचे कागद होते. त्यांतल्या पस्तीस आम्ही खरोखर केल्या होत्या.

आमची बाराजणांची कंपनी कारखान्यांसाठी प्रोग्राम लिहायची. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती आणि गुणवत्तेचं प्रमाणपत्र मिळालं की परदेशातली कामं दाराशी चालत येतील, असं जो तो म्हणत होता. त्यासाठी साहेबांनी मला गुणवत्ता प्रमुख केलं. म्हणजे प्रत्येक कामाची पद्धत लिहून काढायची, प्रत्येक चाचणी झाली का ते पाहायचं आणि शेवटी सही करायची. सोमवारी परीक्षक येणार होते. त्यांच्यापुढे ठेवायला समाधानी ग्राहकाचं पत्र हवं होतं आणि ते आणायला मी शुक्रवारी भिवंडीजवळच्या शेलार गावातल्या एका यंत्रमाग कारखान्यात निघाले होते.

सतरा नंबरची चाचणी अशी होती: एक तागा (मागावरून एका लांबीत उतरणारं कापड) दोन कारागिरांनी मिळून विणला, तर त्यातले दोष ज्याचे त्याच्या नावावर जातात का? प्रोग्राम लिहिणारा म्हणाला, "मॅडम, असं क्वचितच होणार." काम द्यायची तारीख दुसऱ्या दिवसावर आली होती. मी 'उत्तीर्ण' लिहिलं आणि सही ठोकली. दुसऱ्यांच्या सह्या तपासणं हेच माझं काम, मग माझी कोण तपासणार? कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

कसारा घाटात धुकं होतं. वळणावर बस कलली की मी आधी फाइल धरायचे आणि मग समोरचा दांडा. शेजारच्या बाईंनी मला दोनदा विचारलं, उलटी होतेय का म्हणून. शहापूरला गाडी थांबली तेव्हा वडा घेतला, अर्धा खाल्ला आणि उरलेला कागदात गुंडाळून ठेवला. घाटाखाली भात पिवळं पडून कापणीला आलं होतं. एरवी मी खिडकीतून डोळे भरून बघत बसले असते. त्या दिवशी मनातल्या मनात सतरा नंबरचा कागद वाचत होते.

पुढे कंडक्टरने एकदम पुकारा केला, "भिवंडीवाले वडपे नाक्यावर उतरून घ्या!"

"गाडी भिवंडी गावात जात नाही?"

"ताई, ही सरळ ठाण्याला. पाटी वाचली न्हाय का?"

पाटी वाचली नव्हती. चाचणी न करता सही ठोकणाऱ्या बाईकडून आणखी काय अपेक्षा करायची!

वडप्याला रस्त्याच्या कडेला ट्रकांची रांग, त्यामागे पत्र्याची चारदोन गोदामं आणि त्यांच्या मागे पुन्हा भातच. एका रिक्षात मागे आम्ही चौघं बसलो. शेलार म्हटल्यावर रिक्षावाला म्हणाला, "पहले भिवंडी उतरो, उधर से दुसरी गाडी मिलेगी." भिवंडी डोळ्यांआधी कानाला कळलं. गल्लीगल्लीतून, भिंतींच्या आतून मागांची खटाखट येत होती आणि बोलणारे सगळे त्या आवाजावर आवाज चढवूनच बोलत होते. दुसरी रिक्षा करून शेलारला पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते.

आमचे ग्राहक अनंत पाटील पन्नाशीचे होते. वडिलांची भातशेती होती. निम्म्या जमिनीवर त्यांनी सिमेंटच्या पत्र्यांची शेड बांधून चोवीस माग टाकले होते. ऑफिसात आमचा कॉम्प्युटर होता, त्यावर प्लास्टिकचं झाकण आणि झाकणावर झेंडूचा हार. तो पाहून मला बरं वाटायला हवं होतं.

"या मॅडम. तुमचा प्रोग्राम लय कामाचा हाय," ते म्हणाले. "पत्र पायजे ना? द्या, सही करतो." मी टाइप करून आणलेलं पत्र त्यांनी पुढे ओढलं, वाचलंही नाही आणि सही केली. इतकं सोपं! पत्र मी फाइलमध्ये ठेवलं. पहिली परतीची गाडी केव्हा असते, हे विचारायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात घरून डबा आला.

"जेवल्याबिगर कामाचं बोलाचं न्हाय," पाटील म्हणाले. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी होती, जवळ्याची (बारीक सुक्या कोळंबीची) चटणी होती आणि कांदा. सकाळपासून पहिल्यांदा मला भूक लागली.

दुसरा घास घेताना ते म्हणाले, "प्रोग्रामनं चोर धरून दिला बगा." त्यांनी प्रिंटरच्या कागदाची लांब पट्टी माझ्यापुढे सरकवली. दीड महिन्यातले कापडाचे दोष, कारागिरांच्या नावांनिशी. सगळ्यात वर नाव होतं इस्माईल. त्याच्या खालच्या नावाच्या दुप्पट दोष. "अकरा वर्सं हाय माज्याकडं. मंगलवारी सगल्यांसमोर बोललो त्याला. उद्यापासून त्याचे चार माग काडून दुसऱ्याला देतो."

"तो कुठल्या पाळीला असतो?" मी विचारलं.

"कायम दिवसाला. बाकीच्यांची पाळी दर हप्त्याला बदलते."

"आणि एक तागा उतरायला किती वेळ लागतो?"

"दोन दिवस तरी लागतात."

माझा हात ताटातच थांबला. दोन दिवस म्हणजे दोन दिवसपाळ्या आणि मध्ये रात्रपाळी. आम्ही जे क्वचित होणार म्हणून सोडून दिलं, ते इथे प्रत्येक ताग्याला होत होतं. नाशिकच्या ऑफिसात बसून कापड कसं विणतात हे ठरवणाऱ्यांपैकी एकानेही माग पाहिला नव्हता. मीही नाही.

पाणी प्यायचं निमित्त करून उठले आणि तपासणीच्या टेबलाकडे गेले. तिथे गायकवाड काका उजेडाला कापड धरून हातभर हातभर पुढे ओढत होते. ताग्यांची तपासणी आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर नोंद ही दोन्ही कामं त्यांचीच.

"काका, कुठलं कापड कोणी विणलं, हे कसं कळतं?"

"सोपं आहे मॅडम. हे बघा." त्यांनी कापडाची किनार माझ्या बोटांत दिली. तिथे पिवळ्या दोऱ्याची छोटी गाठ होती. "पाळी बदलली की घरी जाणारा कारागीर किनारीला धागा बांधतो. इथपर्यंत माझं, पुढचं तुझं. म्हणजे भांडण नको. आमच्याकडे पहिल्यापासून हीच पद्धत."

"मग इस्माईलचे दोष?"

"त्याचे कुठले? रात्री लाईट जाते, माग बंद पडतो. परत चालू केला की कापडावर आडवी पट्टी उमटते. त्यात कारागिराचा काय दोष? पण ताग्याची तपासणी दिवसा, म्हणून तागा उतरवतातही दिवसाच. तुमच्या कागदात नावाला एकच खाना. शेठ म्हणाले, उतरवणाऱ्याचं लिही."

"तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

काकांनी नोंदींच्या कागदांचा गठ्ठा काढला. प्रत्येक कागदाच्या समासात निळ्या शाईने बारीक लिहिलं होतं: धागा अमुक मीटरवर, पट्ट्या धाग्याच्या अलीकडे, रात्रपाळी. "रोज लिहितो. कॉम्प्युटरमध्ये हे टाकायला जागाच नाही," ते म्हणाले.

मी गठ्ठा हातात घेऊन उभी राहिले. पत्र फाइलमध्ये होतं. नमस्कार करून निघाले असते तर संध्याकाळी घरी पोचले असते, सोमवारी परीक्षक खूश झाले असते आणि दुरुस्ती मागाहून गुपचूप पाठवता आली असती. फक्त इस्माईलचे चार माग उद्याच जाणार होते. हा विचार मी केला, चांगला दोन मिनिटं केला, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

मग पाटलांसमोर जाऊन सगळं सांगितलं. चाचणी केलीच नव्हती, हेही सांगितलं. त्यांनी प्रिंटरची पट्टी पुन्हा पुढे ओढली.

"म्हंजे कागद खोटा?"

"कागद खोटा. इस्माईल खरा."

"आन मी सगल्यांसमोर बोललो ते कोन मागं घेनार?" ते उठले. "चला. तुमीच सांगा त्याला. सगल्यांसमोर."

शेडमध्ये शिरले आणि स्वतःचा श्वासही ऐकू येईना. इस्माईलभाई किडकिडीत, दाढी पिकलेली, भुवयांवर कापसाचे तंतू. मी त्याच्या कानाशी ओरडले, "गलती आपकी नहीं है!" त्याने हात कानामागे नेला. पुन्हा ओरडले. शेवटी त्याने आपले माग एकेक करून बंद केले. पाटलांनी हात वर केला तसे शेजारच्यांनीही माग थांबवले. हळूहळू सगळी शेड शांत झाली आणि माझं तिसरं ओरडणं त्या शांततेत एकटंच घुमलं, "गलती मेरी है!"

चोवीस मागांवरची माणसं माझ्याकडे बघत होती.

"मैंने सेठ को बोला था," इस्माईलभाई हळूच म्हणाला. "सेठ बोले, मशीन झूठ नहीं बोलती."

"मशीनला मीच खोटं शिकवलं," मी मराठीतच म्हणून गेले. त्याला कळलं. पाटील खाली बघत म्हणाले, "तेरे चार लूम तेरेकोच, इस्माईल." खिशातून पिवळा दोरा काढून इस्माईलभाईने चारही मागांवर किनारीला गाठ मारली.

"अब चालू करूँगा तो पट्टी पड़ेगी," तो म्हणाला. "काका, यह किसके नाम?"

मागे उभे असलेले गायकवाड काका माझ्याकडे बघायला लागले.

"माझ्या," मी म्हटलं. काकांनी खिशातला पेन काढला आणि खरोखर लिहून घेतलं.

निघताना मी पत्र पाटलांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी घडी करून खिशात घातलं. "प्रोग्राम दुरुस्त करून आना. मंग बगू." रागावले होते, पण उरलेल्या दोन भाकऱ्या त्यांनी कागदात बांधून दिल्या.

भिवंडी स्टँडवरून नाशिकची गाडी मिळाली. या खेपेला पाटी दोनदा वाचली. वडपे गेलं, पडघा गेलं. साहेबांना काय सांगायचं? बाराजणांची वर्षभराची मेहनत होती त्या प्रमाणपत्रामागे. शहापूरच्या अलीकडे मी फाइल उघडली, सतरा नंबरच्या कागदावरचं 'उत्तीर्ण' खोडलं आणि बाजूला लिहिलं: ही चाचणी केलेली नाही. खाली पुन्हा सही केली. गाडी खड्ड्यांतून चालली होती, त्यामुळे अक्षरं चढत उतरत गेली.

नाशिकला परतल्यावर साहेब माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. प्रमाणपत्र त्या वर्षी मिळालं नाही. पुढच्या महिन्यात नवा प्रोग्राम घेऊन मी शेलारला गेले. कागदात आता नावांना दोन खाने होते आणि एक खाना धाग्यासाठी. त्यानंतर माग, भट्टी, गोदाम, जे काही असेल ते आधी जाऊन बघितल्याशिवाय मी एकाही चाचणीचा कागद लिहू दिला नाही.

त्या सोमवारी परीक्षकांनी फाइल चाळताना सतरा नंबरपाशी बोट ठेवलं होतं.

"अक्षर असं का?"

"बसमध्ये लिहिलं."

"ऑफिसात पोचेपर्यंत थांबता आलं नसतं?"

"नाही," मी म्हटलं. "ऑफिसात पोचले असते, तर लिहिलंच नसतं."