तीन खाचांचं बिट

नव्वदच्या दशकातला पावसाळा. आमच्या वर्कशॉपची तुकडी टोकावड्याजवळ मुक्कामाला होती. काम, ओढ्यांवरचे लोखंडी साकव दुरुस्त करणे. मी लेफ्टनंट. खांद्यावर दोन तारे, डोक्यात दोनशे.

जनरेटरवरचं ड्रिल रोज रडवायचं. भोक पाडणारं बिट ज्या पकडीत बसतं तो चक कितीही आवळा, बिट पोलादाला टेकलं की चक फिरे आणि बिट जागीच उभं. तेव्हा बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, शोध लावला. बिटाची गोल दांडी ग्राइंडरवर तीन बाजूंनी सपाट करायची. चकचे तीन जबडे त्या सपाटीवर बसतात, बिट निसटत नाही. शोध जगात जुनाच होता. मला ठाऊक नव्हता, म्हणून माझा. एका दुपारी मी पेटीतली सगळी बिटं घासून टाकली.

स्टोअरचा हवालदार वेखंडे, शेणव्याचा. त्याने बिटं उलटसुलट पाहिली.

"मॅडम, दांडीवरचा साइजचा आकडा, शिक्का, समदं गेलं."

"पकड येते ना?"

"पकड येल. पन हा सरकारी माल हाय, हे आता कोन वळखील?"

त्याचा रोख संध्याकाळी माझ्या ध्यानात आला. मी चांगली बिटं विकून पेटीत बाजारातली भरणार, असं त्याला वाटत होतं. मला वाटलं, चोर हाच, म्हणून आधीच ओरडतोय. मग तो पेटीवर बसून जेवू लागला. मी तपासणीच्या नावाने त्याला रोज उठवू लागले. फौजेचा एवढा कडक पहारा मी पुढे सरहद्दीवरही पाहिला नाही.

एका सकाळी वायरलेसवर निरोप आला. "साकव सरकला. पलीकडे बाई अडलीय. ओव्हर."

पोचलो तेव्हा पाणी चढत होतं. जोडपट्टीची भोकं फाटली होती. नवी दोन पाडायची, साडेबारा मिलिमीटरची. चुकली तर पट्टीवर आणखी जागा नव्हती. पलीकडे डोलीत बाई विव्हळत होती. तिची सासू ओरडली, "आरं, बगताव काय नुसतं!"

मी पेटी उघडली. बारा, साडेबारा, तेरा. सगळी जुळ्या भावंडांसारखी. आकडे मीच पुसलेले. जाडी मोजायचं व्हर्निअर कॅम्पात राहिलेलं.

वेखंडेने मला बाजूला सारलं. बिटांच्या मानेवरून नख फिरवलं.

"तीन खाचा. साडेबारा. घे गो!"

'मॅडम' राहूनच गेलं. जबडे सपाटीवर बसले. बिट हललं नाही. दोन भोकं, दोन बोल्ट. डोली पार झाली. दुपारी दवाखान्यातून कळलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप.

"खाचा कधी पाडल्यास?"

"तुमी घासलीत त्याच सांजेला. मोजून."

"कशाला?"

"बिटं बदललीत, तर धरायला."

"आता गेला संशय?"

"नाय."

तुकडी हलली तेव्हा पेटीत एक बिट कमी भरलं. मी म्हटलं, ओढ्यात पडलं असेल. वेखंडे माझ्या बॅगेकडे बघत राहिला.

पुढे त्याची बदली उत्तरेत झाली. अडकलेली गाडी ओढून काढताना सुरुंग फुटला. हवालदार पांडुरंग वेखंडे परत आला नाही.

मी शेणव्याला गेले. त्याच्या बायकोने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बिटवाल्या मॅडम तुमीच ना? ते म्हनायचे, त्या बाईकडंच हाय."

मी बॅग उघडली. तीन खाचांचं बिट त्याच्या फोटोपुढे ठेवलं.

तिने नखाने खाचा मोजल्या. मग पदर डोळ्यांना लावला.