अभ्यासाच्या वातावरणाचे फोटो

धाकटी बहीण मुलीला घेऊन जुळे सोलापुरातल्या माझ्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आली, तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती. मेव्हण्यांनी कोर्टात अर्ज केला की आईच्या घरी मुलीला अभ्यासाला जागा नाही, सबब ताबा आपल्याला मिळावा. ताबा हा शब्द मी तोवर शेतजमिनीच्या आणि ट्रॅक्टरच्या संदर्भातच ऐकला होता. निकालापर्यंत मुलगी रविवारी वडिलांकडे आणि बाकी दिवस आमच्याकडे, अशी तात्पुरती सोय होती. ही सोय उलटी होईल आणि आपल्या वाट्याला फक्त रविवार उरेल, या धास्तीने बहिणीला झोप नव्हती.

आमच्या वकीलसाहेबांच्या टेबलावर न्यायदेवता होती आणि तिच्या तराजूत टाचण्या ठेवल्या होत्या. साहेब डोळे मिटून बोलत.

"मॅडम, कोर्टाला अश्रू दिसत नाहीत. वातावरण दिसतं. अभ्यासाचं वातावरण. फोटो लागतील."

"वातावरणाचे?" मी विचारले.

"अल्बम करा," म्हणून त्यांनी कोर्टासमोरच्या फोटोग्राफरचे कार्ड दिले.

फोटोग्राफर शनिवारी रिक्षातून आला. बरोबर घडीचे टेबल, पृथ्वीचा गोल, सहा जाडजूड ग्रंथ आणि एक चकचकीत कप.

"हे कशाला?" बहिणीने विचारले.

"ताब्याच्या केसला हा सेट लागतोच की, ताई."

कपावरचे नाव खरवडलेले होते. कुठल्या स्पर्धेचा म्हणून सांगायचा, असे मी विचारले. "कुणी इचारत न्हाई, सर. तुमी पुस्तक धरा. मामानं मार्गदर्शन करायचं." ग्रंथ मुद्रांक शुल्काच्या नियमांचा होता. भाचीला मी मुद्रांक शुल्क शिकवतो आहे, असा फोटो निघाला.

"गोल फिरवा जरा, भारत दिसू दे. बाळ, इकडं बघू नको, लिही."

तो गेल्यावर बहीण म्हणाली, "दादा, हे सगळं खोटंच आहे की."

"तू वकीलसाहेबांनी केलेलं प्रतिज्ञापत्र वाचलंस का? त्यात मला संस्कारांचा वटवृक्ष म्हटलंय."

पंधरा दिवसांनी कोर्टाच्या समुपदेशक बाईंनी दोन्ही बाजूंना मुलीसह बोलावले. वकिलांना बाहेर बसवले. बाईंनी आमचा अल्बम पाहिला, मग मेव्हण्यांचा. मग दोन्ही शेजारी ठेवून चष्मा पुसला. मेव्हण्यांचे घर अक्कलकोट रोडला, त्यांच्या टॉवेलच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. तिथेही तेच टेबल होते, तोच गोल होता, त्यावर भारत दिसत होता. मुलीचे आजोबा तिला मुद्रांक शुल्क शिकवत होते.

"तुमच्याकडं पण आला होता तो?" मेव्हण्यांनी बहिणीला विचारले. दोन महिन्यांत ते तिच्याशी प्रथमच थेट बोलत होते.

"शनिवारी."

"आमच्याकडं रविवारी."

"कप होता?"

"होता की."

बाई मुलीकडे वळल्या. "तुला माहीत होतं?"

"हो. काका दोन्हीकडं आले होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"ते म्हणाले, बघू नको, लिही. मी लिहीत होते."

बाईंनी अल्बम मिटले. "खरा अभ्यास कुठं करतेस?"

"आईकडं ओट्यापाशी, खाली बसून. आई भाकरी थापताना पाढे विचारते. बाबांकडं टॉवेलच्या गठ्ठ्यांवर."

"तिथं पाढे कोण विचारतं?"

तिने वडिलांकडे पाहिले. "तिथं मागांचा आवाज असतो. मी म्हणते, पण बाबांना ऐकू येत नाही."

मेव्हण्यांनी आपला अल्बम उचलून पिशवीत घातला. मग म्हणाले, "सातही दिवस मी खाली मागांपाशीच असतो, मॅडम. आत्ता आहे तसंच चालू द्या." बहिणीने पदर तोंडाला लावला. बाईंनी तेवढेच लिहून घेतले आणि दोघांच्या सह्या घेतल्या.

बाहेर वकीलसाहेब म्हणाले, "अल्बमचा उपयोग झाला ना?"

"फार," मी म्हणालो.

फाटकाशी फोटोग्राफरला मी जाब विचारला. "मी कुणाची बाजू घेत न्हाई, सर," तो शांतपणे म्हणाला. त्या इमारतीच्या आसपास असे म्हणू शकणारा तो एकटाच असावा.

पुढच्या रविवारी मेव्हणे मुलीला न्यायला आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. बहिणीने दप्तर त्यांच्या हातात दिले.

"सोळाच्या पाढ्यात अडकते ती. विचारा जरा."

"माग अर्धा तास बंद ठेवतो," ते म्हणाले.