माझी गिटार ‘बराबर’ करणाऱ्या सरांना

आज कळमनुरीच्या कार्यक्रमात मला न विचारता माझ्या गिटारीला हात लावणाऱ्या पेटीवाल्या सरांनी हे वाचावंच. सर या ग्रुपात आहेत, म्हणून इथंच लिहिते.

माझी मावशी विहारात भीमगीतं गाते. तिच्या साथीला मी गिटारीच्या सहाही तारा तिच्या ‘सा’ आणि ‘पा’वर लावते. कुठंही बोट न दाबता नुसतं छेडलं, की एकतारीसारखा एकच सूर घुमत राहतो. आज तासभर बसून तारा लावल्या आणि चहा प्यायला गेले.

तेवढ्यात सरांनी मोबाईलवरचं ॲप बघून सगळ्या खुंट्या पिळल्या आणि तारा गिटारीच्या नेहमीच्या वेगवेगळ्या सुरांवर नेल्या. सांगितलंसुद्धा नाही.

मावशीनं डोळे मिटून सूर लावला. मी तारा छेडल्या आणि नुसता कल्ला झाला. मावशी थांबली. पुन्हा छेडलं, पुन्हा तेच. लोक हसायला लागले. पहिल्या रांगेतून सर म्हणाले, “काहून घाबरून राहिली? गिटार बेसूर होती तुझी, मीच बराबर करून ठेवली.”

सर, तुम्हाला कळत नाही ते सगळं बेसूर, हे तुम्हाला कोणी शिकवलं?

येताना ऑटो घराजवळ आल्यावर मावशी म्हणाली, “सरांनी तर गिटार बराबर केली होती. मग माझाच गळा गेला काय गं माय?”

मी दहादा नाही म्हटलं, तिला पटलं नाही. तुम्ही जाणकार, तुमचं पटेल. सांगायला कधी येता, सर?