बोअर नंबर सतरा

रेजिना आंटींनी कळशी माझ्या टेबलावर, नकाशाच्या बरोबर मधोमध ठेवली. नकाशा ओला झाला.

"बघ," त्या म्हणाल्या.

मी वाकून बघितलं. तळाशी चार बोटं पाणी होतं आणि ते चहाच्या रंगाचं होतं.

"आमचे बावीचा पानी हाय ह्या. रविवारी पोरीचा लगीन. आता काय करू, सांग."

"आंटी, मे महिना आहे. सगळ्याच विहिरी उतरतात."

"माझे सासूचे सासूनं पन ह्याच बावीचा पानी भरला. मे म्हयना तवा पन यायचा."

मी गप्प बसलो. गप्प बसणं माझ्या अंगचंच आहे. आमच्या ऑफिसात त्याला मॅच्युरिटी म्हणत.

ही मरोळ गावठाणातली गोष्ट, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची. मी सव्वीस वर्षांचा साइट इंजिनिअर होतो आणि प्रोबेशनवर होतो. आमच्या कन्सल्टंट कंपनीकडे अंधेरी ते घाटकोपर लाइट रेलच्या सर्व्हेचं काम होतं. लाइट रेल म्हणजे नेहमीच्या रेल्वेपेक्षा लहान, हलकी गाडी. ती खांबांवरून धावणार, अंधेरीत बसलेला माणूस घाटकोपरला कपड्यांची घडी न मोडता उतरणार, अशी कल्पना होती. ऑफिसात त्या गाडीचं एक रंगीत चित्र लावलेलं होतं. चित्रात गाडीखालचा रस्ता रिकामा होता आणि कडेला झाडं होती. साकीनाका ज्याने पाहिलेला नाही अशा माणसाने ते काढलं असणार.

खांब उभे करायचे तर खाली जमीन कशी आहे हे आधी बघावं लागतं. त्यासाठी मशीनने मनगटाएवढं भोक खोल पाडतात आणि दगडमातीचे नमुने वर काढतात. हा ट्रायल बोअर. नमुने निघाले की ते भोक सिमेंट कालवून तळापासून तोंडापर्यंत भरायचं असतं. याला ग्राउटिंग म्हणतात. ते केलं नाही, तर वरच्या थरात साठलेलं पाणी भोकातून खालच्या भेगांमध्ये निघून जातं. टाकीच्या बुडाला खिळा मारल्यासारखं.

प्रत्येक बोअरचा एक फॉर्म असे. त्यात शेवटचा रकाना होता, 'परिसरावर होणारा परिणाम'. फॉर्म परदेशी धर्तीवर केलेला होता, त्यामुळे परिसराची काळजी छापूनच आलेली होती. आम्ही फक्त 'नगण्य', 'मध्यम' किंवा 'तीव्र' यांपैकी एकावर टिक करायची. मी तोवर सोळा वेळा 'नगण्य' केलं होतं. हात बसला होता.

नकाशाप्रमाणे सतरा नंबरचा बोअर गावठाणात नव्हताच. तो शेजारच्या एका हाउसिंग सोसायटीच्या कंपाउंडमध्ये येत होता. त्या सोसायटीचे सेक्रेटरी आमच्या देवस्थळी साहेबांचे साडू. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सतरा कुठे घेतोयस रे?"

"सोसायटीत, सर. बॅडमिंटन कोर्टाच्या कोपऱ्यात."

"कोर्ट नुकतंच केलंय त्यांनी. जरा मागे सरक ना."

"मागे गावठाण आहे, सर. विहीर आहे तिथे."

"विहिरीत घेतोयस का? बाहेरच घेणार ना?"

या युक्तिवादाला इंजिनिअरिंगच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही. मी साठ फूट सरकलो.

पास्कल अंकल, म्हणजे आंटींचे यजमान, यांची तिथे भाजीची वाडी होती. मुळा, लाल माठ, वांगी. हे मुंबईचे मूळचे मराठी ख्रिस्ती; त्यांच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या मरोळात शेती केलेली. मी परवानगी मागितली, तेव्हा ते म्हणाले, "ट्रेन येते ना? मग कर." चार दिवस मशीन चाललं. आंटींनी आमच्या माणसांना रोज चहा दिला आणि बरोबर फुगे दिले. फुगे म्हणजे त्यांच्याकडे करतात ते तळलेले गोल, गोडसर पाव. बोअर मारायला पाणी लागतं. तेही त्यांच्याच विहिरीचं. विहिरीने स्वतःच्या कामाला स्वतःच हातभार लावला म्हणायचा.

ग्राउटिंगसाठी चार गोणी सिमेंट साइटवर आलं होतं. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं, नुसती गोणी दिसली तरी माणसं प्रेमाने बोलत. दुपारी साहेबांचा निरोप आला, गोण्या सोसायटीत पाठव, कोर्टाच्या कडेला तडा गेलाय. मी वाण्याच्या दुकानातून फोन केला.

"सर, मग ग्राउटिंगचं काय?"

"माती टाक. जमिनीतून काढलं, जमिनीत घातलं. उद्या मशीन साकीनाक्याला पाहिजे मला."

मशीन चालवणारा बाळा परब मालवणचा. हाताखालून अशी शेकडो भोकं गेलेला माणूस. तो म्हणाला, "सायबा, ह्या असा ठेव नको. खालचो दगड फुटको हा. बावीचा पाणी उतारतला. एक दीस दी, मी बुजवतंय."

"बघू," मी म्हणालो.

"तुका माती टाकूची हा तर टाक. कागदार माझी सही नको."

त्याची सही नकोच होती. सही माझी लागायची. मी भोकाच्या तोंडात एक दगड बसवला, वर दोन घमेली माती टाकली आणि फॉर्म भरला. ग्राउटिंग: झाले. परिसरावर परिणाम: नगण्य. सही वळणदार आली.

तीन आठवड्यांनी नकाशावर कळशी आली.

आंटी पाण्यासाठी इतक्या कासावीस का, हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. प्यायला म्युनिसिपालिटीचा नळ होता. त्यांनीच समजावलं. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी 'उंबराचं पाणी' आणतात. बँड लावून सगळं गाव विहिरीवर जातं, बायका कळशा भरतात, आणि त्या पाण्याने दुसऱ्या दिवशी नवरीला अंघोळ घालतात. आंटींना स्वतःला याच विहिरीच्या पाण्याने अंघोळ घातली होती. आता लोर्नाला घालायची होती. लोर्ना ही त्यांची एकुलती एक मुलगी.

त्याच दुपारी मी केबिनमध्ये गेलो. बाळा म्हणाला होता की अजून वेळ गेलेली नाही, चार गोणी आणि एक दिवस मिळाला तर काम होईल.

"सर, सतराच्या शेजारची विहीर उतरलीय."

"फॉर्मवर काय लिहिलंयस?"

"ग्राउटिंग झालं."

"मग झालंय. की खोटं लिहिलंयस?"

मी टेबलावरचा पेपरवेट सरळ केला.

"सही कोणाची आहे?"

"माझी."

"तुझ्या कन्फर्मेशनची फाइल सोमवारी वर जातेय," साहेब म्हणाले आणि पंखा एकने वाढवला.

मी बाहेर आलो आणि मला एक कल्पना सुचली. आजवर मला सुचलेली ही सगळ्यात हुशार कल्पना. सिमेंट मिळत नाही तर पाणी तर मिळतं. मी कंपनीच्या साइटवरचे दोन टँकर मागवले आणि शनिवारी सकाळी विहिरीत रिकामे केले. म्हटलं, आजची संध्याकाळ निघाली की झालं. गावठाण जमलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आंटींनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं मोडली. "देवान धाडला रे तुला," म्हणाल्या. मी नम्रपणे हसलो.

ज्या टाकीच्या बुडाला मी स्वतः खिळा मारला होता, तीच मी वरून भरत होतो. इंजिनिअरिंगमध्ये याला परमिएबिलिटी टेस्ट म्हणतात: पाणी ओतायचं आणि किती वेळात मुरतं ते मोजायचं. माझी टेस्ट उत्तम झाली. निकाल संध्याकाळी साडेसहाला लागला.

बँड पुढे, मागे लुगडी नेसलेल्या बायका, डोक्यावर हार घातलेल्या कळशा. लोर्ना घराच्या ओट्यावर उभी राहून बघत होती. पास्कल अंकलनी पोहरा सोडला. दोर सरसर गेला, आणि खालून पाण्याचा नाही, दगडाचा आवाज आला. त्यांनी पोहरा वर ओढला, परत सोडला. परत तोच आवाज. क्लॅरिनेटवाला मध्येच थांबला, मग ढोलवाला.

अंकलनी विहिरीत बघितलं. मग भोकावरच्या मातीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

आंटी बँडकडे वळल्या. "थांबलाव कशाला? वाजवा." आणि कळशी उचलून रस्त्यावरच्या नळाकडे चालू लागल्या. वरात मागोमाग गेली. नळाची धार करंगळीएवढी. सगळ्या कळशा भरेपर्यंत बँडला तीच गाणी तीनदा वाजवावी लागली.

अंकल माझ्याजवळ आले. म्हणाले, "जेवून जा." मी जेवून गेलो.

सोमवारी माझी फाइल वर गेली. मी कन्फर्म झालो. पावसाळ्यात विहिरीला थोडं पाणी आलं, दिवाळीपर्यंत गेलं. वाडी सुकली. पास्कल अंकल मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. आमचा रिपोर्ट तीन खंडांत निघाला, सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग. मग लाइट रेल पुढे ढकलली गेली, आणखी पुढे ढकलली गेली आणि शेवटी कोणी ढकलेनासं झालं. त्या अख्ख्या योजनेतून मरोळला मिळालेली एकमेव वस्तू म्हणजे माझं भोक.

पुढे मी देवस्थळी साहेबांच्या खुर्चीवर बसलो. नव्या पोरांना ग्राउटिंगचं महत्त्व फार तळमळीने सांगायचो. ते मला तत्त्वाचा माणूस समजत.

पन्नाशी उलटल्यावर, मागच्या वर्षी, मी गावठाणात गेलो. घर तेच होतं. दार लोर्नाने उघडलं. केस पांढरे झालेले. आंटी आणि अंकल दोघंही गेले होते. मी बसलो नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: साठ फूट, चार गोणी, फॉर्म, सही, टँकर. इतकी वर्षं वाक्यं तयार होती, त्यामुळे वेळ लागला नाही.

तिने ऐकून घेतलं. "माहीत आहे," म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तुमचे ते परब काका लग्नाला आले होते ना. त्यांनी त्याच दिवशी डॅडीला सांगितलं."

"मग तक्रार का नाही केलीत?"

"डॅडी जाणार होते तुमच्या ऑफिसला. मम्मीने अडवलं. बोलली, पोराची नोकरी नवीन आहे, साहेबासमोर कसा बोलेल. येईल तो, सिमेंट घेऊन. डॅडीने तुमची माती उपसून ठेवली होती, तुम्ही आलात की लगेच काम करता यावं म्हणून. वर पाट्याचा दगड ठेवला, पोरांचा पाय जाऊ नये म्हणून. रविवारी चर्चमधून, मिसावरून आले की उचलून बघायचे."

"आता?"

"दगड आहे ना. बाव तीन वर्षांपूर्वी बुजवली. गाड्या लावतात तिथे."

मी बाहेर येऊन बघितलं. दगडावर एक स्कूटर स्टँडला लावलेली होती.

हाताखालच्या इंजिनिअरांना मी आता एवढंच सांगतो: भोक त्याच दिवशी बुजवा. पुढे सिमेंट परमिटशिवाय मिळायला लागतं, हव्या तेवढ्या गोण्या मिळतात. फक्त तोवर विहीर राहिलेली नसते.