आप्पांचं डेंचर

आमच्या आप्पांना, म्हणजे वडलांना, कवळी म्हटलेलं खपायचं नाही. "कवळी म्हाताऱ्यांची असती. हे डेंचर हाय, डेंचर!" डॉक्टरांकडून ऐकलेला तो शब्द त्यांनी अख्ख्या शिवाजी पेठेला ऐकवला होता. पंचाहत्तरीतही ऐट बघा, आईसमोरसुद्धा तोंडाला टॉवेल लावून दात बसवायचे. नंतर मुद्दाम कट्ट्यावर बसून खारे शेंगदाणे कुडुमकुडुम खायचे.

दवाखान्यात नेताना मला म्हणाले, "पोरी, काय बी होऊ दे, लोकांफुडं मला बोळका न्हेऊ नको."

"काय अभद्र बोलता हो!" मी ओरडले. पण शब्द दिला.

नळी घालण्याआधी नर्सनं दात काढून डबीत घालून दिले. मी डबी पर्समध्ये टाकली. दोन दिवसांनी आप्पा गेले. घरी आणलं, आंघोळ घातली, फेटा बांधला, दर्शनाला गल्ली लोटली. आणि मी शहाणी नुसती रडत बसले. तिरडी कोपऱ्यावरून वळली तेव्हा रुमालासाठी पर्स उघडली, तर हाताला डबी लागली. पळत गेले असते तर गाठता आलं असतं. गेले नाही. चारचौघांत दात घेऊन कसं पळायचं, याची लाज वाटली मला!

रक्षाविसर्जनाला नदीवर पान मांडलं. भाकरी, भडंग, खारे शेंगदाणे, सगळं त्यांच्या आवडीचं आणि सगळं चावायचं. कावळे झाडावर बसलेले, एक खाली येईना. काका हात जोडून म्हणाले, "दादा, वैनीला आमी बघतो." मग म्हणाले, "नातवाचं लगीन थाटात लावतो." छे! "कशात जीव अडकलाय कुणास ठाऊक," बायका कुजबुजल्या. मला ठाऊक होतं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

दोन वर्षं झाली. डेंचर माझ्या कपाटात, वाटीत पाण्यात आहे. नदीत सोडायला हात धजत नाही. रोज सकाळी गुपचूप पाणी बदलते. घरात कुणी शेंगदाणे खाल्ले तरी दचकून मागं बघते.

गेल्या आठवड्यात तापानं फणफणले, तीन दिवस उठले नाही. चौथ्या दिवशी धडपडत कपाट उघडलं. वाटीत स्वच्छ, ताजं पाणी होतं.

स्वयंपाकघरात आई पाठमोरी भाकरी थापत होती.

"तुला कधी कळलं गं?"

"तू पर्स उघडलीस तवाच," ती वळलीसुद्धा नाही. "तिरडी कोपऱ्यावरच हुती. मी तरी कुठं हाक मारली?"